चाळ रिकामी करण्याआधी : गिरगावातल्या पुनर्विकास समित्यांना खुलं पत्र

प्रति,
गिरगावातल्या चाळी-वाड्यांच्या पुनर्विकास समित्यांचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यासारखीच पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून थोड्या भाड्यात राहणारी भाडेकरू. मुगभाटात दुसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड आहे, आणि नोकरी एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढायची. आमच्याही चाळीची समिती आहे. तिच्या सभांना मी न चुकता जाते आणि तिथे काय बोललं जातं ते आता मला पाठ झालंय. कार्पेट, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ, किती मिळणार, कॉर्पस, म्हणजे पुढच्या खर्चासाठी विकासकाने द्यायचा निधी, किती, बाहेर राहायचं भाडं आगाऊ की महिन्याच्या महिन्याला, पार्किंगचं काय, विकासकाने याआधी कुठली इमारत वेळेत पुरी करून दिलीय. हे प्रश्न विचारायलाच हवेत. भाडं थकल्यामुळे अर्ध्यावर लटकलेली कुटुंबं आपण पाहिलीत, संक्रमण शिबिरात ज्यांची हयात गेली असे जुने शेजारीही पाहिलेत. पण एक विषय मी एकाही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहिलेला नाही. चाळ पडल्यावर तिच्याबद्दल आपल्या हातात काय राहणार, आणि चाळीतलं काय नव्या इमारतीत येणार? करारावर सह्या होण्याआधी या दोन गोष्टींचा ठराव तुम्ही करून घ्यावा, म्हणून हे पत्र.

चाळी पाडू नका, असं माझं म्हणणं नाही. पाळीच्या दिवसांत सामाईक संडासाबाहेर बादली घेऊन उभं राहणं काय असतं ते मी तिथेच शिकले. गुडघे गेलेल्या माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं जिना उतरल्याच नाहीत. तुळयांना टेकू लावलेत आणि त्या टेकूंना आता वाळवी लागलीय. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. त्या दिवशी आमच्या गॅलरीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तेव्हा नवी इमारत व्हायलाच हवी, आणि लवकर व्हायला हवी.

चाळींची ही अवस्था का झाली हे मात्र मुलांना नीट सांगायला हवं, कारण बातम्यांत सगळा दोष कधी मालकाच्या तर कधी भाडेकरूच्या माथी मारून मोकळे होतात. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धामुळे आणि फाळणीमुळे शहरात माणसांचा लोंढा आलेला असताना तो कायदा गरजेचा होता. त्याच्याच जोरावर कारकून, शिक्षक, कंपोझिटर, पेटी वाजवणारे आणि शिवणाचे क्लास घेणाऱ्या बायका गिरगावात टिकल्या. पण भाडं तिथेच राहिलं आणि सागवान, चुना, गवंड्याची मजुरी वाढत गेली, तसं मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि दुरुस्तीच्या खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर सुरू झाला. मुंबई शहरात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या आणि त्यातल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. गिरगावातली जवळजवळ प्रत्येक चाळ या दुसऱ्या आकड्यात आहे. १९९९च्या नव्या भाडे कायद्याने पागडीला मान्यता दिली, पण तोवर लाकूड सडलं होतं. आता विकास नियंत्रण नियमावलीतल्या, उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियम ३३(७)खाली ५१ टक्के भाडेकरूंनी संमती दिली की रस्ता मोकळा होतो आणि घरटी निदान ३०० चौरस फूट मिळतात. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ३०० फुटांचं महत्त्व मी काय सांगणार! त्यात ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो गिरगावात थांबू लागली आणि विकासकांच्या फेऱ्या वाढल्या. मेट्रोच्या कामातही आपल्यातल्या काहींची घरं गेलीच आहेत. येत्या काही वर्षांत ठाकूरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंत एकेक चाळ रिकामी होत जाणार हे आता दिसतंच आहे.

म्हणून जरा थांबून बघा, आपण काय रिकामं करतोय ते.

फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी. एकेकाळी इथे खरोखरच झाडं आणि भाजीपाला होता. फोर्टात कचेऱ्या वाढल्या, चालत जाण्याच्या अंतरावर डोकं टेकायला जागा हवी झाली आणि बागायतीत लाकडी सांगाड्याच्या तीन-चार मजली चाळी उभ्या राहिल्या. वाडीची ठेवण मात्र बदलली नाही. रस्त्याकडे अरुंद तोंड, आत गेलं की चौक, आणि चौकाकडे तोंड केलेल्या गॅलऱ्या. गिरगावचं सार्वजनिक आयुष्य याच चौकांत आणि गॅलऱ्यांत उभं राहिलं, कारण तिथे भाडं पडत नव्हतं आणि परवानगी शेजाऱ्याचीच लागायची.

कांदेवाडीतल्या, म्हणजे आताच्या खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळींचं उदाहरण घ्या. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली तिथे सुरू झाला आणि १९०१मध्ये लोकमान्य तिथे येऊन गेले. त्यासाठी कुणी सभागृह बांधलं नाही की देणगीदार शोधला नाही. चाळींमध्ये मोकळी जागा होती, तिथे मूर्ती बसली. उंच मूर्तींच्या चढाओढीत तो गणपती कधी पडला नाही, आजही तो लहानच असतो आणि पालखीतून विसर्जनाला जातो. त्याच्याही आधी, १८४९च्या सुमाराला, मुलींच्या शाळेला कुणी जागा देईना तेव्हा नाना शंकरशेटांनी गिरगावातल्या आपल्याच वाड्यात ती दिली. आपण त्यांना रेल्वेसाठी आणि त्यांचं नाव दिलेल्या रस्त्यासाठी आठवतो. मला वाटतं, मुलींना दिलेली ती जागा त्यांचं अधिक धाडसाचं काम होतं. १८६७मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचं मंदिर आपल्या नाक्यावर आहे आणि रोज हजारो लोक बसच्या थांब्यासारखं ते नाव घेतात. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५पासून आहे आणि त्याचं नाट्यगृह केळेवाडीसारख्या गल्लीत आहे, कुठल्या मोठ्या हमरस्त्यावर नाही. ‘नवाकाळ’ १९२३ साली निघाला तो याच वस्तीच्या जिवावर. मौज प्रकाशनाचं ऑफिस खटाववाडीत. प्रोफेसर देवधरांची गाण्याची शाळा १९२५पासून ऑपेरा हाऊसपाशी, जिथे कुमार गंधर्व शिकले. गाणं शिकायचं त्या शाळेत आणि गायचं गणपतीत, चौकात, पहाट होईपर्यंत. ऐकणारे वरच्या तिन्ही मजल्यांवर कठड्याला रेलून उभे.

यातल्या मोठ्या नावांची नोंद आहे आणि ती पुढेही राहील. टिळक १ ऑगस्ट १९२०ला गेले, त्याच दिवशी चौपाटीवर त्यांना अग्नी दिला गेला. तिथे त्यांचा पुतळा आहे. मला काळजी आहे ती चाळीची.

नोंद नसली की काय होतं, तेही गिरगावाने पाहिलंय. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्ती फोडून सँडहर्स्ट रोड काढला, तोच आताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड. हवा खेळावी, रोग हटावा म्हणून काढला, आणि तेव्हाची कारणं खरीच होती. रस्ता कधी झाला, कुणी केला हे कुणालाही सापडेल. पण त्याच्याखाली ज्यांची घरं गेली ती माणसं कोण होती, कुठून आली होती, नंतर कुठे गेली, हे आज गिरगावात विचारा. सांगणारा भेटत नाही. पुढे त्याच रस्त्यावरच्या कोरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ला दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट लोकांसमोर आला. कोरोनेशन राहिलं नाही. देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ला ज्या मॅजेस्टिकमध्ये लागला तेही पाडलं गेलं आणि नाव उरलं एका शॉपिंग सेंटरला.

खोताच्या वाडीचं तुलनेने बरं झालं. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना विकले आणि बाहेरून जिना, पुढे ओटी, लाकडी कठडे अशी घरं उभी राहिली. पासष्टच्या आसपास असलेल्या त्या घरांतली आता निम्मीही नाहीत. तरीही जी गेली त्यातल्या पुष्कळांचे फोटो आहेत, विद्यार्थ्यांनी मापं घेतलीत, घरमालकांनी स्वतः बोलून ठेवलंय, कारण ती घरं लोकांना सुंदर वाटतात. शेजारच्या चाळीला सुंदर कुणी म्हणत नाही, म्हणून तिच्याकडे कॅमेरा फक्त ती पडल्यावर वळतो. हे बदलायचं तर ते आपल्यालाच करावं लागेल. वारसा समितीची किंवा पालिकेची वाट बघत बसलो तर नोंद होण्याआधी कुंपणाचे पत्रे लागतील.

आमच्या चाळीत आम्ही सुरुवात केलीय, म्हणून अनुभवावरून सांगते. रविवारी सकाळी मोजपट्टी, पॅड आणि दहावी-बारावीतली चार मुलं घेऊन मी तळमजल्यापासून सुरू केलं. नोकरीत मी चाळींचे नकाशे पुष्कळ काढलेत, पण ते पाडण्यासाठी. त्यात भिंती येतात, क्षेत्रफळ येतं, भाडेकरूचं नाव येतं आणि संपतं. इथे आम्ही ठरवलं की दिसेल ते सगळं कागदावर घ्यायचं. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. मुलांनी पट्टी आडवी ठेवून प्रत्येक पायरीची झीज मोजली, तर पहिल्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या वरच्यांपेक्षा जास्त झिजलेल्या निघाल्या. साहजिक आहे, वरच्या मजल्यांचे पायही खालूनच जातात. पण ते पट्टीने मोजून पाहिल्यावर चौथ्या मजल्यावरच्या पाणी भरणाऱ्या बायकांचा विषय आपोआप निघाला. मग एका आजींनी सांगितलं की नळ फक्त खाली होता तेव्हा पहाटे चारला हंडे घेऊन रांग लागायची आणि वरच्या मजल्यावर मुलगी द्यायला लोक नाखूष असायचे. हे कुठल्या नकाशात येणार?

मागच्या बाजूला गेलो तर वासे वेगळे. पुढच्या निम्म्या चाळीत भरीव, चौकोनी, रंध्याने नीट तासलेलं सागवान, आणि मागे बारीक वासे, त्यातले काही तर दुसऱ्या कुठल्या इमारतीतून काढून आणलेले, जुन्या खाचांसकट. म्हणजे चाळ एका दमात बांधलेली नाही. मालकाने पुढची बाजू भाड्याने दिली, पैसे जमले, मग मागची जोडली. आमच्यापैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. आणि प्रत्येक खोलीत, अगदी प्रत्येक, आढ्याच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. पाळण्याची. काहींनी तिला आता पंखा अडकवलाय, काहींनी कपड्यांची दोरी. मुलांनी नकाशात त्या कड्यांसाठी एक छोटं वर्तुळ ठरवलं. पूर्ण मजल्याचा नकाशा झाला तेव्हा सगळी वर्तुळं एका ओळीत आली, कारण तुळई सलग होती.

मोजमापाइतकंच महत्त्वाचं म्हणजे कागद. प्रत्येक चाळीत कुणाच्या तरी पोटमाळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या असतात. घर हलवताना ट्रंका भंगारात जातात आणि वह्या रद्दीत, तेव्हा समितीने आजच नोटीस लावून त्या मागवाव्यात. आमच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याच्या काही वह्या मिळाल्या. दरवर्षी अक्षर बदलतं, कारण दरवर्षी चिटणीस बदलायचा. गवयाला दिलेलं मानधन आणि त्याला आणायला-पोचवायला लागलेलं टॅक्सीचं भाडं वेगवेगळं मांडलेलं आहे. गॅसबत्त्या, सतरंज्या, चहाची साखर, सगळं पैपर्यंत. वर्गणीच्या यादीत ज्यांना पैसे देणं जमलं नाही त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडलीय. थकबाकीची यादी कुठल्याच वहीत नाही. मी ती पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. गिरणी बंद पडलेल्या एका घराचं नाव सलग कोरं आहे, आणि त्याच घराचं नाव दरवर्षी आरास करणाऱ्यांतही आहे.

माणसांना बोलतं करणं सगळ्यात आधी करा, नकाशे त्यानंतर काढले तरी चालतील. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २० नोव्हेंबर १९५५ला चौपाटीवर स. का. पाटील आणि मोरारजी देसाईंची सभा लोकांनी उधळली. त्या वाळूत जे विशीत उभे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. दुसऱ्या दिवशी फोर्टात गोळीबार झाला तेव्हा कुठल्या चाळीतून कोण गेलं होतं, रात्री दारं लावून कुणाला लपवलं, हे फक्त त्यांनाच ठाऊक. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. तिच्यातून शाळेत गेलेली मंडळी अजून आहेत. फोन समोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्यांना त्यांच्या चालीने बोलू द्या. ‘पूर्वीचे दिवस कसे होते?’ असं विचारू नका, सगळे ‘छान होते’ म्हणतात. खोलीत कोण कुठे झोपायचं ते विचारा. त्या एका प्रश्नावर आमच्याकडचे एक काका तासभर बोलले. परीक्षेच्या दिवसांत गॅलरीतल्या दिव्याखाली बसायला नंबर कसे लावले जायचे, रात्रपाळीहून आलेल्या माणसासाठी मुलांना चौकात कसं पिटाळायचे, लग्न झालेल्या जोडप्यासाठी शेजारच्या बिऱ्हाडाने काही महिने आपली खोली कशी सोडली, सगळं त्यातून बाहेर आलं.

एक गोष्ट लपवू नका, अशी कळकळीची विनंती आहे. आपल्या वाड्या बहुतेक जातीच्या होत्या. खोली देताना आडनाव विचारलं जायचं आणि अनेकांना ते ऐकूनच परत पाठवलं जायचं. कित्येक चाळींत दलितांना किंवा मुसलमानांना कधीच खोली मिळाली नाही. आज आपण ‘चाळीत सगळे एका कुटुंबासारखे’ म्हणतो ते चौकाच्या आत आलेल्यांपुरतं खरं होतं. संडास साफ करायला येणाऱ्या माणसाला कुठल्या जिन्याने यावं लागायचं, त्याला पाणी कुणी कसं द्यायचं, हेही बोलणाऱ्यांनी सांगावं आणि ऐकणाऱ्यांनी जसंच्या तसं लिहावं. ते वगळून केलेली नोंद खोटी ठरेल.

आता नव्या इमारतीबद्दल. इथे मी नकाशे काढणारी म्हणून बोलते.

पुनर्वसन इमारतींचे जे आराखडे माझ्या टेबलावर येतात त्यात बहुधा मधोमध बंद पॅसेज असतो, दोन्ही बाजूंना दारं, टोकाला लिफ्ट. भर दुपारी बारा वाजता तिथे ट्यूब लावावी लागते. दारं बंद राहतात, कारण उघडी ठेवून समोर भिंतच दिसते. आपल्याकडे सकाळी आठपर्यंत एखाद्या आजोबांचं दार उघडलं नाही तर कुणीतरी कडी वाजवतं. या पॅसेजमध्ये तीन दिवस कुणाला पत्ता लागणार नाही. आणि आपल्या चाळींत एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. मुलं डोंबिवली-बोरिवलीला, नाहीतर परदेशात.

तेव्हा कराराला जोडलेला आराखडा सहीआधी सभेत भिंतीवर लावा आणि विकासकाच्या वास्तुविशारदाला समोर बसवून विचारा. गणपती कुठे बसणार? बोट ठेवून दाखवा. पार्किंगच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर म्हणाले तर त्या जागेचा हक्क आपल्या पुनर्वसन इमारतीकडे आहे की विकासक बाहेर विकणार त्या इमारतीकडे, हे विचारा. दोन्हींची प्रवेशद्वारं वेगळी असतील तर पोडियमवर जायचा आपला रस्ता कुठला, तेही विचारा. रेफ्यूज एरिया दाखवून कुणी ‘ही तुमची बसायची जागा’ म्हणालं तर मान्य करू नका. ती आगीच्या वेळी माणसं बाहेर काढण्यासाठी असते आणि कायद्याने मोकळीच ठेवावी लागते. पॅसेजची एक बाजू हवेला उघडी ठेवता येते का, दर काही मजल्यांवर चार घरांच्या दारांसमोर बाकडं मावेल एवढी रुंदी देता येते का, हे मागा. माझ्या अनुभवात अशा मागण्या आराखड्याच्या पहिल्या टप्प्यावर केल्या तर पुष्कळदा बसतात. मंजुरीनंतर केल्या तर कुणी ऐकत नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. चाळीच्या अरुंद जिन्यावरून खुर्चीत बसवून माणूस खाली आणताना किती जणांचे हात लागतात ते आपण जाणतो, नव्या इमारतीत तेवढे हात असतीलच असं नाही.

सभेत कुणीतरी उठून म्हणेल की या असल्या मागण्यांनी दोन फूट कार्पेट कमी होईल किंवा विकासक पळून जाईल. दोन फुटांचा हिशोब लेखी मागा. नोंदीच्या कामाला तर विकासकाची परवानगीही लागत नाही. मोजपट्टी, फोन आणि चाळीतली मुलं एवढंच लागतं आणि ते आपल्याकडे आहे. खोल्यांच्या चाव्या अजून आपल्या हातात आहेत. सामान हललं, दारं-खिडक्या उतरवल्या की मोजायला काही उरणार नाही आणि मंडळी इतकी पांगतील की त्यांना पुन्हा एका चौकात जमवता येणार नाही.

आमच्या चाळीच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी पुढचा ठराव मांडणार आहे. तुमच्या समितीला योग्य वाटला तर शब्द बदलून वापरा.

“भाडेकरूंनी जागा रिकामी करण्याच्या तारखेपूर्वी चाळीच्या प्रत्येक मजल्याचा मोजणी-नकाशा, प्रत्येक खोलीचे फोटो, ७० वर्षांवरील सर्व रहिवाशांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग, आणि मंडळाच्या व समितीच्या सर्व वह्यांच्या स्कॅन प्रती तयार कराव्यात. त्यांचा एक संच सोसायटीच्या ताब्यात राहील, एक संच जवळच्या ग्रंथालयाला देण्यात येईल, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला पेन ड्राइव्हवर एक प्रत मिळेल. कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात उत्सवासाठीची सामाईक जागा तिच्या चौरस फुटांसह आणि तिथे जाण्याच्या रस्त्यासह नमूद असल्याशिवाय समिती त्यावर सही करणार नाही.”

मोजणीसाठी मदत हवी असेल तर गणपतीच्या आधीचे रविवार मी मोकळे ठेवलेत. आमची चार मुलंही यायला तयार आहेत.

आपली,
एक भाडेकरू
दुसरा मजला, मुगभाट, गिरगाव